करेक्शन कॉलर वापरायची असेल तर: नव्या पालकांसाठी

लॅब्रेडॉरचं पिल्लू आठ-नऊ महिन्यांचं झालं की घरातलं चित्र पालटतं. कालपर्यंत मांडीवर झोपणारा गडी आता पंचवीस किलोचा झालेला असतो. जिन्यातून माणसाला फरफटत खाली नेतो, गेटवर भटकं कुत्रं दिसलं की मागच्या दोन पायांवर उभा राहतो. घरातल्या आजी-आजोबांनी त्याला फिरवायचं तर सोडाच, दोरी हातात धरायचीही सोय राहत नाही. मग शेजारचं कुणीतरी सांगतं, ‘साखळी बदला, सरळ होईल.’ पेट शॉपमध्ये चकचकीत चोक चेन, काट्यांचा पट्टा, रिमोटवाली कॉलर असं सगळं टांगलेलं असतंच, आणि ते विकताना कुणी काही विचारत नाही.

या सगळ्या प्रकारांना मिळून करेक्शन कॉलर म्हणतात. मानेला काहीतरी नकोसं जाणवतं आणि ते टाळण्यासाठी कुत्रा वागणं बदलतो, एवढंच त्यामागचं तत्त्व. माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक घरांना या वस्तूंची गरज नसते. ज्यांना असते त्यांनीही त्या वापरायच्या त्या आधी शिकवलेलं आठवून देण्यापुरत्या. शिकवायला त्यांचा उपयोग नाही. ज्या कुत्र्याला दोरी सैल ठेवून चालायचं म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला झटका बसला तर तो काय समजणार? मान दुखली, एवढंच.

खरेदीच्या आधी

पहिली फेरी व्हेटकडे. ओढणारा, गुरगुरणारा, मानेला हात लावू न देणारा कुत्रा हट्टीच असेल असं नाही. कानातला संसर्ग, कमरेचं किंवा मणक्याचं दुखणं यांचं पहिलं लक्षण कधीकधी ‘बिघडलेलं वागणं’ हेच असतं. अशा कुत्र्याच्या मानेला आणखी ताण देणं म्हणजे दुखण्यावर डाग.

काही कुत्र्यांच्या बाबतीत तर विषय तिथेच संपतो. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्की अशा लहान जातींमध्ये श्वासनलिकेच्या कुर्च्या कमकुवत असण्याचा त्रास वारंवार दिसतो. पट्टा ताणला गेला की घोगरा, कोरडा खोकला येतो. पग, शिह त्झू यांचं नाक आखूड, डोळे बाहेर आलेले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांनी गळ्यातला पट्टा ओढला तेव्हा डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला, हार्नेस (गळ्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा) ओढताना तसा वाढला नाही. काचबिंदू असलेल्या किंवा बुबुळ नाजूक असलेल्या कुत्र्याला हे परवडणारं नाही. या सगळ्यांना हार्नेसच घाला. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लालाही करेक्शन कॉलर नको. त्याचं शरीर अजून भरायचं असतं आणि जग नवीन असतं.

तिसरी गोष्ट स्वभावाची. घाबरून भुंकणाऱ्या कुत्र्याला झटका देऊ नये, हा माझा पक्का नियम. समोरून दुसरं कुत्रं आलं आणि त्याच क्षणी मानेला दुखलं, असं आठ-दहा वेळा झालं की त्याच्या डोक्यात हिशोब पक्का होतो: दुसरं कुत्रं म्हणजे दुखणं. वरवर भुंकणं थांबलेलं दिसतं आणि एक दिवस तो काहीही इशारा न देता चावतो. गुरगुरणं हा त्याचा इशारा असतो, तोच तुम्ही दाबून टाकलेला असतो. अशा कुत्र्यासाठी वर्तनाची जाण असलेला व्हेट किंवा ट्रेनर शोधा.

आणि चौथी, जी ऐकायला कुणालाच आवडत नाही: व्यायाम. टू बीएचकेमधल्या हस्कीला किंवा बीगलला दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं ‘शू-शी’साठी खाली नेलं जात असेल तर तो ओढणारच. आधी पंधरवडाभर फिरणं वाढवा, वास घेत रेंगाळू द्या. बऱ्याच घरांत प्रश्न इथेच निम्म्यावर येतो.

कोणता पट्टा कशासाठी

रोजचा साधा पट्टा रुंद, मऊ नायलॉनचा किंवा कातड्याचा घ्यावा. खाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. यावर नाव-फोनचा बिल्ला असतो आणि कुत्रा सतत ओढत असेल तर हाही निरुपद्रवी नाही. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात २०२० मध्ये कृत्रिम मानेवर वेगवेगळे पट्टे ओढून दाब मोजला गेला. ओढल्यावर मानेला इजेचा धोका राहणार नाही इतका कमी दाब देणारा एकही पट्टा त्यात निघाला नाही. म्हणून सैल दोरीवर चालायला शिकवायचं आहे ते सगळ्यांनाच, पट्टा कुठलाही असो.

मार्टिंगेल हा नवख्यांसाठी सगळ्यांत सोयीचा. मोठा फासा गळ्यात असतो, त्याला जोडलेला छोटा फासा दोरीला. ओढलं की पट्टा आवळतो, पण ठरावीक मापापर्यंतच. आपल्याकडे याचं महत्त्व वेगळंच आहे. कारवान, पश्मी, मुधोळ या दख्खनच्या शिकारी कुत्र्यांचं डोकं निमुळतं आणि मान जवळपास तेवढीच जाड. साधा पट्टा ते मागे सरकून एका झटक्यात काढतात आणि मग हायवेच्या दिशेनं सुसाट. सोलापूर-सांगलीकडून कारवान आणून शहरात पाळणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी मार्टिंगेल घ्यावा. तो पूर्ण आवळल्यावरही छोट्या फाशाच्या दोन कड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. टेकल्या तर पट्टा मोठा झाला, आणखी लहान करा.

छातीवर कडी असलेला हार्नेस ओढणाऱ्या कुत्र्याला बाजूला वळवतो, त्यामुळे ओढण्यातला जोर जातो. पाठीवर कडी असलेला तसं काही करत नाही, उलट ओढायला सोपं पडतं. नाकावरून जाणारा हेड हॉल्टर ताकदवान कुत्र्यांना उपयोगी पडतो. मात्र त्याची सवय करायला आठवडे लागतात आणि त्याला जोडलेल्या दोरीला हिसका कधीही द्यायचा नाही, मान मुरगळते.

चोक चेन मी कुणाला सुचवत नाही. तिला थांबण्याची मर्यादाच नाही, ओढाल तितकी आवळते. ती बरोबर वापरायला हाताची जी सफाई लागते ती नवख्याकडे नसते आणि ती शिकेपर्यंतचा खर्च कुत्र्याची मान भरते. घरात आधीच असेल तर निदान उलटी घालू नका. कुत्रा तुमच्या डावीकडे चालत असताना, दोरीकडे जाणारी साखळी मानेच्या वरून आली पाहिजे. समोरून घालताना तिचा आकार इंग्रजी ‘पी’सारखा दिसतो. उलट घातली तर दोरी सैल सोडूनही साखळी आवळलेलीच राहते.

काट्यांचा पट्टा, म्हणजे प्रॉंग कॉलर. दिसायला भयंकर, पण आवळण्याला मर्यादा असते आणि दाब मानेभोवती विभागला जातो, म्हणून काही ट्रेनर चोक चेनपेक्षा तो बरा मानतात. मला त्यांचं म्हणणं अर्धंच पटतं. दाब विभागला जातो हे खरं, पण तो टोचतो म्हणूनच काम करतो, हेही तितकंच खरं. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून प्रशिक्षणात काट्यांचे पट्टे वापरायला बंदी घातली आहे. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या आणि इथून कुत्रा सोबत नेणाऱ्या मंडळींनी हे सामानात टाकू नये. इथे वापरायचाच असेल तर समोर उभं राहून शिकवणारा माणूस हवा. व्हिडिओ बघून नाही.

प्रॉंग बसवणं

हा भाग सविस्तर सांगते, कारण रस्त्यावर दिसणाऱ्या प्रॉंग कॉलरींपैकी बऱ्याच चुकीच्या बसवलेल्या असतात. सकाळी टेकडीवर एखादा रॉटवायलर दिसतो. पट्टा पार खाली, खांद्यापाशी लोंबतोय. तिथे स्नायू जाड, त्यामुळे कुत्र्याला काही जाणवत नाही, तो ओढत राहतो, मालक आणखी जोरात हिसका देतो. मधल्या मोकळ्या जागेमुळे प्रत्येक हिसक्याला काटे दुरून येऊन आदळतात.

त्याची जागा कानांच्या लगेच मागे आणि खालून जबड्याच्या मागे. न टोचता अंगाला टेकलेला, पण इकडून तिकडे न सरकणारा. मापासाठी कड्या काढायच्या किंवा घालायच्या. डोक्यावरून ओढून घालायचा नाही. कान आणि डोळे खरचटतात, आणि डोक्यावरून जातोय म्हणजे तो मोठाच आहे. एक कडी दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून उघडायची, मानेभोवती फिरवून पुन्हा बसवायची. प्रत्येक काट्याचं टोक बोटानं तपासा. ते गोल, गुळगुळीत हवं. स्वस्त नकलांची टोकं पत्रा कापल्यासारखी धारदार राहिलेली असतात. आणि कडी निसटते, कधी ना कधी निसटतेच. म्हणून सोबत एक साधा पट्टा हवा आणि दोरी दोन्हींना जोडलेली हवी. भर रस्त्यात साखळी तुटून कुत्रा रिक्षाखाली गेला तर ट्रेनिंग कशाला उरतंय.



आधी शिकवणी

पहिले दोन-तीन आठवडे झटका हा प्रकार मनातूनही काढून टाका. साधा पट्टा किंवा हार्नेस, दीड-दोन मीटरची दोरी, कमरेला खाऊची पिशवी. आपोआप गुंडाळणारी दोरी नको. तिच्यात कायमच ताण असतो, कुत्रा ताणालाच सरावतो. खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे.

सुरुवात घरात, हॉलमध्ये. एक पाऊल टाका. कुत्रा तुमच्या मांडीपाशी आहे आणि दोरीची कडी खाली लोंबते आहे, अशा क्षणी ‘शाबास’ म्हणा आणि तुकडा मांडीच्या शिवणीला लावून द्या. समोर धरून देऊ नका, नाहीतर तो समोर आडवा येऊन चालायला शिकतो. दोरी ताणली गेली की झाड व्हा. बोलू नका, मागे ओढू नका, नुसतं थांबा. तो वळून बघेल, एखादं पाऊल मागे येईल, कडी पुन्हा लोंबेल. लगेच चालायला लागा. पुढे जायला मिळणं हेच त्याचं बक्षीस. हॉलमध्ये जमलं की पार्किंगमध्ये, तिथे जमलं की सकाळी लवकर रिकाम्या रस्त्यावर. भाजी मंडई सगळ्यात शेवटी. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत तुम्ही सोसायटीच्या गेटपर्यंतही पोचणार नाही. त्याची लाज वाटून घेऊ नका. वॉचमन हसतील, हसू दे.

बहुतेक लोकांचं काम इथेच होऊन जातं आणि विकत आणलेली साखळी खणात पडून राहते.

दाब आणि सुटका

तरीही गरज असेल, समजा कुत्रा चाळीस किलोचा आहे आणि सांभाळणारी व्यक्ती साठीची, तर पुढची पायरी. इथे मार्टिंगेल धरून सांगते. प्रॉंगचीही ओळख अशीच करून द्यायची असते.

नवा पट्टा घातला की काहीच करायचं नाही. घाला, खाऊ द्या, पाच मिनिटांनी काढा. असं काही दिवस, पट्टा दिसला की शेपूट हलेपर्यंत. मग घरातच, कुत्रा शांत उभा असताना दोरी अंगठा आणि तर्जनीत धरा, बाकीची बोटं मोकळी. उजवीकडे अगदी हलका ताण द्या, इतका की दोरी नुसती सरळ व्हावी. धरून ठेवा, वाढवू नका. दोन-तीन सेकंदांत तो मान किंवा खांदा उजवीकडे झुकवेल. नुसता विचार केल्यासारखा झुकला तरी त्याच क्षणी दोरी सैल आणि खाऊ. मग डावीकडे, मागे, पुढे. कुत्रा शिकतो तो या सुटकेतून. गाडीत सीटबेल्ट लावला की टोंटों बंद होतं, तेव्हा आपल्याला कळतं काय करायचं होतं ते, तसंच. हात सैल सोडायला उशीर झाला तर सगळं मुसळ केरात, कारण बरोबर वागूनही दाब तसाच राहिला.

असा सराव झालेल्या कुत्र्याला पुढे हिसक्याची गरज फार कमी पडते. बोटभर ताण त्याला पुरतो.

प्रत्यक्ष करेक्शन

आता रस्त्यावर. कुत्र्याला ‘सोबत’ (म्हणजे मांडीपाशी, दोरी सैल ठेवून चाल) हा शब्द शांत जागी पक्का येतो याची खात्री असेल तरच. शब्द आधी, एकदाच. त्याला ऐकायला क्षणभर वेळ द्या. ऐकलं तर खाऊ, विषय संपला. दोरी ताणून पुढे गेला, तर मनगटातून एक छोटी टिचकी आणि लगेच सैल. खांद्यातून ओढायचं नाही, कोपर शरीराला चिकटलेलं. चूक आणि टिचकी यांत एका सेकंदापेक्षा जास्त अंतर गेलं तर टिचकी देऊच नका, त्याला संबंध लागत नाही. तो परत मांडीपाशी आला की चेहऱ्यावर हसू आणि आवाजात आनंद पाहिजे. पुणेरी ‘ठीक आहे’ नको.

आवाज चढवायचा नाही. ऑफिसातला राग दोरीतून उतरवायचा नाही. मन थाऱ्यावर नसेल त्या दिवशी साधा हार्नेस घाला आणि नुसतं फिरून या.

लागोपाठ तीन टिचक्यांनी फरक पडला नाही तर चौथी जोरात देण्याचा मोह होतो. तिथेच थांबायचं. एकतर त्याला शब्द आलेला नाही, किंवा समोरची मांजर त्याच्या आवाक्याबाहेरची आहे, किंवा तो घाबरला आहे. तिन्हींवर उपाय एकच: अंतर वाढवा, सोपं करा. कुत्रा केकाटला, शेपूट पोटाशी गेली, कान मागे चिकटले, ओठ चाटत राहिला, जांभया द्यायला लागला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, जमिनीला चिकटून बसला, किंवा पट्टा दिसताच सोफ्याखाली गेला, तर पट्टा बंद. काही मालक या थिजण्याला ‘शांत झाला’ समजतात. ते शांत होणं नव्हे.

फिरणं संपलं की पट्टा काढायचा. करेक्शन कॉलर घालून कुत्र्याला बांधून ठेवणं, एकटं सोडणं, दुसऱ्या कुत्र्यांशी खेळू देणं, तीन्हींत जीव जाऊ शकतो. खेळताना दुसऱ्याचा जबडा फाशात अडकतो, गॅलरीच्या गजात साखळी अडकून फास बसतो. रोज संध्याकाळी मानेवरचे केस उलटे करून बघा. लालसरपणा, केस गळलेली रेघ, ओलसर चट्टा दिसला तर बरं होईपर्यंत गळ्याला काही नको. आपल्या पावसाळ्यात ओला पट्टा तसाच राहिला की त्याखाली कातडी कुजते आणि गोचिडींना आयती जागा मिळते. धातूची कडी गंजली की टाकून द्या.

रिमोटवाली कॉलर

रिमोटचं बटण दाबलं की मानेला विजेचा झटका देणाऱ्या शॉक कॉलरबद्दल मला विचाराल तर नको. वेल्समध्ये २०१० पासून तिच्यावर बंदी आहे. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठानं २०२० मध्ये ६३ कुत्र्यांवर केलेला अभ्यास इथे बोलका आहे. ही कुत्री बोलावल्यावर न येणारी, मोकळं सोडल्यावर पाठलाग करणारी अशी होती. शॉक कॉलरच्या उत्पादकांनीच सुचवलेले अनुभवी ट्रेनर एका गटाला कॉलरसह, दुसऱ्याला कॉलरविना शिकवत होते. तिसरा गट बक्षिसावर भर देणाऱ्या ट्रेनरांकडे होता. हाकेला आणि ‘बस’ या आज्ञेला प्रतिसाद देण्यात तिसरा गट सरस ठरला. त्याआधी २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये राखणीच्या प्रशिक्षणातल्या जर्मन शेफर्डांवर झालेल्या अभ्यासात, शॉक खाल्लेले कुत्रे बागेत नुसतं फिरतानाही मालकाच्या सहवासात ताणाखाली दिसले. झटका कुठून आला हे कुत्र्याला कळत नाही असं विक्रेते सांगतात. त्याला कळतं, आणि चुकीचंही कळतं.

भुंकल्यावर आपोआप शॉक देणारी बार्क कॉलर तर त्याहून वाईट. शेजारचा कुत्रा भुंकला तरी काही स्वस्त कॉलरी पेटतात आणि शिक्षा भलत्यालाच. दिवाळीत फटाक्यांनी घाबरून भुंकणाऱ्याला ती घालणाऱ्यांना काय म्हणावं?

फक्त थरथरणारी कॉलर वेगळी. बहिऱ्या कुत्र्याला हाक म्हणून ती उत्तम चालते: थरथर, मागे वळला की खाऊ. तीही दिवसभर घालू नये, तिचे दोन धातूचे खुंट एकाच जागी रुतून जखम करतात.

ट्रेनर आणि कायदा

आपल्याकडे कुणीही स्वतःला ट्रेनर म्हणवून घेऊ शकतो, म्हणून प्रश्न तुम्ही विचारा. कुत्र्यानं बरोबर केलं तर तुम्ही काय देता? चुकलं तर नेमकं काय करता? जमलं नाही तर पुढे काय? पहिल्या भेटीत, कुत्रा न बघता साखळी बाहेर काढणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. ‘महिनाभर हॉस्टेलला ठेवा, शिकवून परत आणतो’ यातही सावध राहा. तुमच्या नजरेआड त्याच्याशी कोण कसं वागतंय कळत नाही, आणि तो शिकतो ते त्या माणसाचं ऐकायला.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा विनाकारण वेदना देण्याला गुन्हा मानतो. त्याच्या अकराव्या कलमात आखूड किंवा जड साखळीनं अवाजवी वेळ बांधून ठेवणं आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं याचाही समावेश आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड पन्नास रुपयांपर्यंत, म्हणजे चोक चेनच्या किमतीपेक्षाही कमी.

सकाळी तुम्ही आणि संध्याकाळी डॉग वॉकर किंवा घरचा पोरगा फिरवत असेल, तर करेक्शन कॉलर फक्त सराव केलेल्या माणसानंच वापरायची. बाकीच्यांसाठी दाराजवळच्या खुंटीवर हार्नेस आणि साधी दोरी ठेवा, ती दुसरी वस्तू कपाटात, वरच्या कप्प्यात. वॉकरला पहिले दोन दिवस सोबत घेऊन चाला, ‘सोबत’ हाच शब्द वापरायचा हे सांगा, आणि खाऊची पिशवी त्याच्याही कमरेला बांधा.